चार वाजून दहा मिनिटांची नोंद

शुक्रवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

आईच्या घरातल्या संगणकात कुणीतरी आलं.

घरात तेव्हा दोनच माणसं होती. आई आणि तिची थोरली मुलगी. दोघी संगणकासमोर बसल्या होत्या. कीबोर्डवर दोघींपैकी कुणाचाही हात नव्हता…

ही हकीकत ऐकीव नाही. यात दिलेली प्रत्येक वेळ त्या संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत सेकंदासकट उतरलेली आहे. त्या ओळींचे कागद छापून ठेवले आहेत. ज्यांना भास म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. संगणकाला भास होत नाहीत.

थोरलीला घरात ताई म्हणत. म्हणजे धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणू लागले. ती एका कारखान्याच्या संगणक विभागात काम करते. बाहेरच्या कुणी आत शिरू नये, हे पाहायचं काम. तिथला एक नियम तिच्या अंगात भिनलेला आहे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं. उद्यावर टाकायचं नाही.

धाकट्याला घरात पान्या म्हणत. पाचव्या वर्षी त्यानं पाना घेऊन शिवणयंत्राचं पायडल सुटं केलं, तेव्हापासून. मोठेपणी तो समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका बोटीवर यंत्रं सांभाळायचा. अकरा महिन्यांपूर्वी ती बोट बुडाली. तिसऱ्या दिवशी पान्याचा देह सापडला.

त्याची लॅपटॉपची बॅग सापडली नाही.

आईचा संगणक पान्यानंच जोडलेला. जुनं यंत्र होतं, फेकून द्यायच्या लायकीचं. त्यावर त्यानं ओपन सोर्स प्रणाली बसवली आणि ते पुन्हा पळू लागलं. आई कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्तीनंतर बोटं स्वस्थ बसत नव्हती. ती दिवसभर काहीबाही टाइप करायची आणि दिवसभरात काहीबाही अडायचं. कधी आवाज बंद, कधी अक्षरं बारीक, कधी प्रिंटर रुसलेला.

ते पान्या बोटीवरून दुरुस्त करायचा. बोटीवर प्रत्येकाला इंटरनेटची पाळी ठरलेली होती. पान्याची पाळी चार दहा ते चार पंचावन्न. त्या वेळात तो स्वतःच्या लॅपटॉपवरून थेट आईच्या संगणकात यायचा. आई फोन कानाला लावून तक्रारी सांगत जायची, तो तिकडून एकेक निस्तरत जायचा. पंचेचाळीस मिनिटं. सुट्टी नाही, रविवार नाही.

त्या शुक्रवारच्या आधी, मंगळवारी आईचा ताईला फोन आला.

"अगं, तो काळा पडलाय. तव्यासारखा."

"काय केलं होतंस?"

"मी कशाला काय करतेय! कालची गोष्ट. त्यानं विचारलं, अपडेट करू का. मी म्हटलं कर बाबा. मग बसला की फिरत. गोल गोल गोल. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं."

"अर्ध्यात?"

"अर्ध्यात की पाऊणात, मला काय ठाऊक? तोंडानं सांगत होता का तो?"

ताई हसली. मग तिच्या लक्षात आलं, आई हसत नव्हती.

"लवकर ये गं," आई म्हणाली. "चारच्या आत व्हायला हवं."

"कुठल्या चारच्या?"

आईनं फोन ठेवून दिला होता.

ताईला रजा शुक्रवारी मिळाली. ती अकरा वाजता आईकडे पोचली. तिसरा मजला. अरुंद जिना, दारासमोर चार फूट मोकळी जागा, मग दार. आतल्या खोलीत खिडकीपाशी संगणकाचं टेबल. टेबलापाशी दोन खुर्च्या.

दुसरी खुर्ची पूर्वी नव्हती.

दुरुस्ती अवघड नव्हती, किचकट होती. सुरू होतानाच्या यादीतून ताईनं आधीची आवृत्ती निवडली. संगणक उठला, अडखळत. अर्धवट राहिलेलं अपडेट तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. जुन्या आवृत्त्यांनी जागा अडवली होती, ती मोकळी केली. साडेतीन वाजता पडदा नेहमीसारखा उजळला. आवाज मात्र बंद होता आणि अक्षरं बारीक झाली होती. तेवढं चहानंतर बघू, असं ती म्हणाली.

"राहू दे तेवढं," आई घाईनं म्हणाली. "तेवढं राहू दे."

मग आई आत गेली. तोंड धुतलं. केस विंचरले. इस्त्रीचे कपडे घालून बाहेर आली आणि खुर्चीत ताठ बसली.

"कुणी येणार आहे का?"

"नाही गं."

"मग ही तयारी?"

"माणसानं नीटनेटकं राहू नये का?"

दुसऱ्या खुर्चीवर ताई टेकणार, तोच आईनं तिचा दंड धरला.

"तू स्टुलावर बस."

पडद्याच्या एका कोपऱ्यात ताईनं नोंदवही उघडी ठेवली होती. संगणकात कोण आलं, कोण गेलं, हे त्या खिडकीत आपोआप ओळीनं उमटतं. अपडेटनंतर काही बिघडलंय का, ते पाहायला.

चार वाजून दहा मिनिटं. सात सेकंद.

एक ओळ उमटली…

*पान्या. किल्ली जुळली. आत आला.*

ताईनं ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायच्या आत आई बोलू लागली होती.

"आलास का रे? चार दिवस काळा होता हा. मीच बंद केला अर्ध्यात, रागावू नकोस. ताईनं नीट केलाय. ती पण आलीय बघ."

फोन आईच्या हातात नव्हता. कुठेच नव्हता.

यंत्राचा पंखा जोरात फिरू लागला.

"अक्षरांचं बघ रे जरा. मुंग्यांसारखी दिसतात."

पडद्यावरची अक्षरं मोठी झाली. एकदम नाही… एक पायरी, मग थोडं थांबून आणखी एक पायरी. जणू कुणी विचारत होतं, एवढी पुरे का?

"हां, पुरे," आई म्हणाली. "आणि आवाज."

आवाजाची पट्टी आपोआप वर सरकली.

ताईची बोटं कामाला लागली. तिची बोटं अशा वेळी थांबत नाहीत. कोण आलंय, कुठून आलंय, कुठल्या पत्त्यावरून. ती ओळीमागून ओळ शोधत राहिली.

"आई, केबल काढ."

"काय?"

"भिंतीतली केबल काढ! कुणीतरी शिरलंय आत."

आईनं केबलच्या खोबणीवर तळहात दाबून धरला. "हात लावशील तर याद राख," ती म्हणाली. मग आवाज एकदम खाली आणून पडद्याकडे वळली. "तुला नाही रे म्हटलं. तू चालू दे तुझं."

चार पंचावन्नला दुसरी ओळ उमटली. *पान्या. गेला.*

पंखा शांत झाला.

"किती दिवस चाललंय हे?" ताईनं विचारलं.

आई उठून कप विसळू लागली. पाठमोरीच म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस."

संध्याकाळी ताईनं जुन्या नोंदी उपसल्या. अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत पान्या रोज येत होता, बाहेरच्या पत्त्यांवरून. समुद्रावरून यावं तसाच. मग बोट बुडाली तो दिवस. मग एकोणीस दिवस कोऱ्या जागा.

विसाव्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, तो पुन्हा आत आला होता.

संगणक काळा होता ते चार दिवस सोडले, तर तेव्हापासून एक दिवसही चुकला नव्हता. फक्त पत्ता बदलला होता…

तो बाहेरचा नव्हता. घरातला होता.

पान्या सुट्टीवर आला की त्याच्या लॅपटॉपला घरातलं वाय-फाय जो पत्ता द्यायचं, तोच.

ताईनं राउटरची यादी उघडली. दुपारी जोडली गेलेली यंत्रं तीन. आईचा संगणक. ताईचा फोन. आणि 'पान्याचं डबडं'. लॅपटॉपला हे नाव त्यानंच दिलेलं. पुढे सिग्नलचा आकडा होता. उणे छत्तीस. म्हणजे अगदी जवळ. ताई स्वतःचा फोन घेऊन घरभर फिरली. स्वयंपाकघरात उणे बावन्न. बाल्कनीत उणे साठ.

दुसऱ्या खुर्चीवर फोन ठेवला.

उणे सदतीस.

तिनं बोटीवरून वाचलेल्या इंजिनियरला फोन लावला. तो पान्याच्या खोलीतला सोबती.

"त्याचा लॅपटॉप कुणाला मिळाला का हो? कुणी विकला, उचलला?"

"नाही ताई. बोट बुडाली तेव्हा बॅग त्याच्या खांद्यालाच होती. मी डोळ्यांनी पाहिलं. का हो?"

"कुणीतरी तो वापरतंय."

"वीस वाव खोल पाण्याखाली कोण वापरणार?" मग म्हणाला, "आम्ही त्याची चेष्टा करायचो. पाळी आली की बॅग उचलायचा आणि म्हणायचा, चला, घरी जाऊन येतो. आम्ही म्हणायचो, येताना पाव किलो साखर आण रे. तो म्हणायचा, आईनं डबा लपवलाय."

ताईनं फोन ठेवला.

ती घाबरली होती हे खरं. कुणीतरी आपल्या आईशी खेळतंय, हा संशय होता, हेही खरं. पण पुढचं तिनं केलं ते यांपैकी कशामुळेच नाही. ते सवयीनं झालं. गेलेल्या माणसाचं खातं उघडं राहिलं होतं. अकरा महिने.

आईच्या संगणकात पान्याच्या किल्लीची एक ओळ होती. लॅपटॉपमधल्या किल्लीशी ती जुळली की दार उघडायचं. सात वाजून पंचवीस मिनिटांनी ताईनं ती ओळ पुसली. प्रत ठेवली नाही. कारखान्यातही ठेवत नाहीत.

"काय केलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही. कडी लावली."

शनिवार.

आई साडेतीनलाच तयार होऊन बसली. ताई मागे उभी.

चार वाजून दहा मिनिटं. सात सेकंद.

*पान्या. किल्ली जुळली नाही. परत गेला.*

वीस सेकंदांनी पुन्हा…

*किल्ली जुळली नाही.*

पुन्हा.

पुन्हा.

अकरा वेळा. शेवटच्या तीन नोंदींमध्ये एकेका मिनिटाचं अंतर होतं. तोही बहुतेक विचार करत असावा, काय चुकतंय याचा. यंत्र अडलं की तो असाच करायचा. घाई करायचा नाही.

आईला नोंदवहीतली तांत्रिक भाषा कळत नव्हती. ती पडद्याकडे पाहून बोलत राहिली. प्रिंटरचं सांगितलं. शेजारणीच्या गुडघ्याचं सांगितलं. मग हळूहळू थांबली.

"आज अक्षरं मोठी झाली नाहीत," ती म्हणाली.

ताईनं नोंदवहीची खिडकी बाजूला सरकवली.

"रागावला असेल. मी अर्ध्यात बंद केलं म्हणून."

रात्री ताईनं राउटर पाहिलं. 'पान्याचं डबडं', उणे सदुसष्ट. ती फोन घेऊन पुन्हा फिरली. घरात कुठेच हा आकडा येईना. शेवटी चप्पल घालायची म्हणून ती दाराबाहेर गेली, दार मागे ओढून घेतलं आणि फोनकडे पाहिलं.

उणे सदुसष्ट.

जिन्यासमोरची ती चार फूट जागा. बंद दाराच्या बाहेर.

रविवारी चार दहाला तो पुन्हा आला. या वेळी सहाच वेळा. आई दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. पाच वाजले तरी उठेना. तेव्हा ताईनं तिला सगळं सांगितलं.

आई ओरडली नाही. नोंदवहीच्या ओळींवरून बोट फिरवत तिनं मोजलं.

"हे सतरा वेळा… म्हणजे त्यानं दार वाजवलं?"

"हो."

"आणि मी इथे गुडघ्याचं सांगत बसले होते."

"आई, मला वाटलं कुणी परकं…"

"ताई म्हणायचा तो तुला," आई म्हणाली. "परवा मी त्याला म्हटलं, ताई पण आलीय बघ. तू एक शब्द बोलली नाहीस त्याच्याशी."

हे ताईच्या डोक्यातही आलं नव्हतं. आईला तो दहा महिने मिळाला होता. ताईच्या वाट्याला पंचेचाळीस मिनिटं आली होती आणि ती तिनं पत्ता शोधण्यात घालवली होती.

त्या दिवशी ती रडली. अंत्यविधीनंतर पहिल्यांदा.

मग कामाला लागली. पुसलेली ओळ डिस्कवरून परत आणायची जेवढी साधनं तिला माहीत होती, तेवढी लावून झाली. कारखान्यातल्या जाणत्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, अशा डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही. ती ओळ फक्त त्या लॅपटॉपवरून पुन्हा काढता येते, ज्याच्यात किल्ली आहे.

"किती अक्षरं असतात ओळीत?" आईनं विचारलं.

"पाचशेच्या वर."

"एवढीच? सांग, मी टाइप करते. एक चूक होणार नाही."

"आई, कुठली अक्षरं ते कुणालाच माहीत नाही."

आईनं कीबोर्डवर ठेवलेली बोटं उचलली नाहीत. तशीच बसून राहिली.

सोमवारी ताईनं दुसरा मार्ग काढला. किल्ली नसली तरी पासवर्ड टाकून आत येता येईल, अशी सोय केली. नवा पासवर्ड ठेवला, सोपा, आठ अक्षरांचा. चार वाजायच्या आत आईनं घराचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहून पासवर्ड मोठ्यानं सांगितला. अक्षर अक्षर सुटं करून. दोनदा. कोर्टात साक्ष वाचून दाखवतात तसा.

वरच्या मजल्यावरचे आजोबा जिना उतरत होते. ते थबकले.

"कुणाला सांगताय?"

"धाकट्याला," आई म्हणाली. "तुम्ही या खाली."

आजोबा कडेकडेनं उतरून गेले.

चार दहाला कनेक्शन आलं. पासवर्डची जागा उघडली गेली. कुणी काही टाकलं नाही. दोन मिनिटांनी संगणकानं स्वतःच कनेक्शन तोडलं. इतका वेळ कुणी नुसतंच उभं राहिलं तर तोडायचं, असा त्याचा नियम असतो.

मंगळवारी तेच. दोन मिनिटं… मग तुटलं.

बुधवारी ताई स्वतः दारात बसली. जमिनीवर, भिंतीला टेकून. चार दहाला तिनं रिकाम्या जिन्याकडे पाहत बोलायला सुरुवात केली. आधी पासवर्ड सांगितला. मग म्हणाली, "पान्या, मी काढली रे किल्ली. तुझं काही चुकलेलं नाही. सगळं तुझं बरोबर आहे." जिन्यातल्या बल्बभोवती एक पाखरू फिरत होतं. खाली कुणीतरी सायकल लावत होतं. ती आणखी बरंच बोलली, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

आतून आईनं हाक मारली. "दोन मिनिटं झाली. गेला."

आकडा उणे सदुसष्टच होता. दार उघडं असूनही तो उंबरा ओलांडून आत आला नव्हता.

त्या रात्री ताईनं दोन मिनिटांचा नियम काढून टाकला. आता कुणी कितीही वेळ उभं राहिलं तरी हा संगणक आपणहून कुणाला घालवणार नाही. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर तिनं त्याला कामावरून काढलं असतं.

काल, गुरुवारी, चार वाजून दहा मिनिटं सात सेकंदांनी कनेक्शन आलं. चार पंचावन्नला ते बंद झालं नाही. सहाला नाही. मध्यरात्रीही नाही. आई खुर्चीतच झोपली. ताईनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दार उघडंच ठेवलं.

आज शुक्रवार, सकाळचे नऊ चाळीस. ताईनं आत्ताच कळवलंय. पासवर्ड अजून कुणी टाकलेला नाही.

कनेक्शन तुटलेलंही नाही.